वाकळीत नसलेलं लुगडं

आमच्या घरात बाई गेली की तेराव्यानंतर तिचं एक लुगडं वाकळीत शिवतात. आईला त्यातला थर न् थर ठाऊक आहे. हात फिरवून ती सांगते, ही आजेसासू, ही मोठी जाऊ. लेकरू आजारी पडलं की त्याला याच वाकळीखाली निजवायचं.

आमच्या बाजारहत्नूरकडे पटकीची साथ आली, त्यात माझी आजी एका दिवसात गेली. मी निजाम सरकारच्या तहसील कचेरीत नकलनवीस. मेलेल्या माणसाचे कपडे, अंथरूण जाळून टाका, या हुकमाच्या उर्दू नकला मीच उतरवल्या होत्या. घरी आलो तर आईने आजीचं हिरवं लुगडं उतरंडीत लपवलेलं.

"एकच हाये. बाकी सारं जाळलं न मी."

माझी मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती. तिने जरा दूध टाकलं की मी रात्रभर तिच्याजवळ बसून राही. ती वाकळ तिच्या अंगावर पडणार, याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. आई नदीवर गेली तेव्हा भर दुपारी मी ते लुगडं गोठ्यामागे जाळलं. बायकोने पाहिलं.

आईने सगळं घर धुंडाळलं आणि संशय घेतला तो सुनेवर. "हिले माह्या सासूची घाण आली! कचेरीतल्या बाबूची बायको न ही!" बायकोने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून जोडे घालत राहिलो. हुकूम कचेरीचा होता, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण आई माझ्याकडे कशी पाहील, याचंच मला भय वाटत होतं.

बायकोने चौदा वर्षं ते टोमणे ऐकले. गेल्या पावसाळ्यात ती तापाने गेली.

तेरावं झालं. मुलगी तिचं लुगडं घेऊन गेली तेव्हा आई वाकळ पसरून बसली होती. आईने लुगडं मागे सारलं.

"जिनं माह्या सासूले यात ठाव देल्ला नाई, तिले मी काऊन देऊ?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं, अगदी तिच्या आईने पाहिलं होतं तसं. आजीचं लुगडं मी जाळलं होतं, हे सांगायला दोनच वाक्यं लागली.

आईने विचारलं, "तिले माईत होतं?"

"हो, माय."

"अन् तू आयकत राह्यला."

तिने सुनेचं लुगडं ओढून घेतलं, वाकळीवर अंथरलं, सुरकुत्या काढल्या आणि टाके घालायला लागली. वर न बघता नातीला म्हणाली, "मी मेली तं माहं लुगडं यात घालू नको पोरी. याच्या घरात नाई ऱ्हायचं मले."

आई सत्तरीला टेकली आहे. तिला खोकल्याची उबळ आली की मी हातातलं काम टाकून दारात जाऊन उभा राहतो. तिने तो शब्द अजून मागे घेतलेला नाही.