सातव्या वेशीची चादर

मॅनेजरसाहेबांनी टेबलावरचे कागद आणि टेलिफोन खिडकीत ठेवायला लावले आणि चादर स्वतःच्या हातांनी पसरली. तांबडी-पांढरी, डबल. काठ नेहमीचा, देवळाच्या शिखरांचा. मधे ऑर्डरप्रमाणे मोर हवा होता, तो नव्हता. मधून एक नदी वाहत होती. नदीच्या काठाने चिंचेचं झाड, पायविहीर, उंटांचा तळ आणि ठिकठिकाणी कमानी होत्या. मी मोजल्या. सात भरल्या.

"हे काय आहे?" साहेबांनी मला विचारलं.

"मुलूख आहे, सर," मी म्हणालो.

"कुठला?"

याचं उत्तर एका वाक्यात देता येत नव्हतं. शिवाय विणाई खात्याचे प्रमुख, वीव्हिंग मास्टर, शेजारीच उभे होते आणि त्यांनी त्यांच्यापुरतं उत्तर देऊन ठेवलं होतं. गिरणीच्या कागदावर, गिरणीच्या वेळेत केलेले हे पोरकट चाळे आहेत, डिझायनर नरसय्यांना घरी पाठवावं आणि रिक्रिएशन हॉलला कुलूप घालावं. चार्जशीट टाइप होऊन आली होती. सही तेवढी राहिली होती.

ही सोलापूरच्या एका कापड गिरणीतली, सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तिथे लेबर वेल्फेअर ऑफिसर होतो. केमसारख्या लहान गावातून आलेला, डिग्री नवी, शर्टाची इस्त्री कडक. वेल्फेअर ऑफिसरचं काम म्हणजे कँटीनचा चहा, पाळणाघर, संडासांची साफसफाई आणि कामगारांची करमणूक. कामगार मला साहेबांचा माणूस समजत आणि साहेब मला कामगारांचा. पगार मात्र दोघांपैकी कुणासारखाच नव्हता.

करमणुकीसाठी एक हॉल होता. त्यात एक कॅरम, स्ट्रायकर हरवलेला. एक पेटी, भाता फाटलेला. मी रुजू झालो तेव्हा तिथे कुणी फिरकत नसे. वर्षभरात तिथे बसायला जागा मिळेना, आणि त्यात माझं कर्तृत्व काडीचंही नाही. ते सगळं नरसय्यांचं.

नरसय्या आमचे जॅकार्ड डिझायनर. भवानी पेठेत राहणारे, घरी तेलुगू बोलणारे, पन्नाशीला टेकलेले. हे काम काय असतं ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. चादरीवर मोर विणायचा असेल तर डिझायनर तो आधी चौकटीच्या कागदावर काढतो. त्याला ग्राफ म्हणतात. जिथे रंगीत धागा वर दिसायला हवा ती चौकट लाल रंगाने भरायची, बाकीच्या कोऱ्या सोडायच्या. मग पंचर, म्हणजे पत्ते कापणारा, ग्राफची एकेक ओळ वाचतो आणि प्रत्येक ओळीचा एक जाड पुठ्ठ्याचा पत्ता भोकं पाडून तयार करतो. पत्ते एकमेकांना बांधून त्यांची माळ मागावर चढवतात. भोक असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. आमचे पंचर हाजीमियाँ म्हणत, की पंचरने चित्र बघायचंच नसतं, चित्र बघायला लागला की ओळ चुकते.

नरसय्यांनी एक मुलूख रचला होता. नुसत्या कल्पनेतला. जेवणाच्या सुट्टीत आणि पहिली शिफ्ट सुटल्यावर तासभर ते हॉलमध्ये सतरंजीवर बसत. समोर नकाशा, हातात सहा कवड्या. खेळणारा प्रत्येक जण त्या मुलखातला कुणीतरी व्हायचा. कुणी घोडेवाला, कुणी वैदू, कुणी पहारेकरी. नरसय्या सांगायचे, "तुमी पायविहिरीपाशी आलाव. आतून कुनीतरी तुमचं नाव घेतंय. काय करनार?" आपण काय करणार ते बोलायचं आणि कवड्या टाकायच्या. किती उताण्या पडल्या त्यावर आपलं भलंबुरं ठरायचं. मुलखाला सात वेशी होत्या. सहा सगळ्यांना ठाऊक होत्या. सातवी कुठे आहे ते फक्त नरसय्या जाणत होते. नकाशाचा वरचा भाग ते कायम दुमडून ठेवत. पन्नास-साठ माणसं वर्षभर त्या सातव्या वेशीच्या शोधात होती.

टीकाकारही कमी नव्हते. युनियनचे सेक्रेटरी म्हणायचे, कामगाराला स्वप्नात गुंतवून ठेवायचा हा मालकाचा डाव आहे. आमच्या वीव्हिंग मास्टरांना तर त्या मुलखाचं नावही सहन होत नसे. त्यांचा मुख्य आक्षेप असा, की ही निव्वळ खिचडी आहे. वाळवंटाला लागून नदी, नदीवर कानडी नावाडी, पलीकडे तेलुगू राक्षस, बाजारात दखनी बोलणारे घोड्यांचे व्यापारी, आणि एवढ्या मोठ्या मुलखाला राजा नाही. "याला काही ताळतंत्र आहे का?" ते मला विचारायचे. नकाशा त्यांनी कधी पाहिला नव्हता. हॉलमध्येही कधी आले नव्हते. पाहिल्याशिवाय नावं ठेवण्यात एक सोय असते, मत बदलावं लागत नाही.

खरं सांगायचं तर मला तो मुलूख मनापासून आवडायचा. खिचडी होती, मान्य. पण आमच्या गिरणीच्या गेटवर उभं राहून शिफ्ट सुटताना पाहिलं असतं तर मास्टरांना तीच खिचडी दिसली असती. चार भाषा, एक भोंगा. नरसय्यांनी ती तशीच उचलली होती आणि वर एक नियम घातला होता. कुठलीही वेस ओलांडायची तर आपल्या घरी बोलत नाहीत अशा भाषेत वाट मागायची. त्या नियमामुळे अक्कलकोटकडचा एक कानडी वीणकर, सिद्राम त्याचं नाव, पाच-सहा महिन्यांत कामापुरती तेलुगू शिकला. सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातल्या ज्या मुसलमान जॉबरशी, म्हणजे मुकादमाशी, त्याचं वर्षभर बोलणं बंद होतं, त्याच्याकडूनच दखनी शिकला. माझ्या वेल्फेअरच्या कोर्समध्ये असा एकही उपाय दिला नव्हता.

आता चादरीचं. नरसय्या तापाने दोन दिवस रजेवर होते. मोराची ऑर्डर घाईची होती. मास्टरांनी माणूस पाठवून नरसय्यांच्या ड्रॉवरमधला ग्राफ काढवला आणि तो हाजीमियाँकडे गेला. तो ग्राफ मोराचा नव्हता. नरसय्यांचा हात बावीस वर्षं चौकटी भरण्यात गेलेला, त्यामुळे मुलखाचा नकाशाही त्यांनी चौकटी भरूनच काढला होता, लाल रंगाने, जसा ग्राफ काढतात तसाच. हाजीमियाँनी चित्र न बघता पत्ते कापले. माळ सिद्रामच्या मागावर चढली.

चादर खालून वर विणली जाते. आधी काठ आला. मग नदी आली. सिद्रामने नदी ओळखली. चिंच ओळखली. आता माग थांबवून मास्टरांना सांगायला हवं होतं, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने शेजारच्या वीणकराला खूण केली. सुट्टीचा भोंगा झाला तरी कुणी डबा उघडायला गेलं नाही. सगळा मुलूख मागाभोवती जमला. एकेक वाणा, म्हणजे आडवा धागा, पडत होता आणि कापड वर सरकत होतं. पहिली वेस, दुसरी, तिसरी. सहावी झाली तेव्हा खात्यात मागाच्या खडखडाटाशिवाय कसलाही आवाज नव्हता, असं मला नंतर चौघांनी सांगितलं. मग सातवी विणून झाली आणि सिद्रामने माग बंद केला. तेवढ्यात मास्टर आले.

तर ती चादर अशी साहेबांच्या टेबलावर आली होती. नरसय्या कानाला मफलर गुंडाळून तापातच हजर झाले होते. त्यांना नोकरीची काळजी होतीच. दुसऱ्या गिरणीत त्या वयात डिझायनर म्हणून कोण घेणार? पण त्यांची नजर पुन्हा पुन्हा चादरीच्या वरच्या टोकाकडे जात होती. वर्षभर दुमडून ठेवलेलं उघडं पडलं होतं आणि साठ माणसांनी ते पाहिलं होतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

साहेबांनी आधी सिद्रामला विचारलं, डिझाइन चुकलंय हे कळत असूनही माग का चालू ठेवला.

सिद्रामने टोपी काढून हातात घेतली. "चुकी माजी हाय, सायेब. खोटं कशाला बोलू? सातवी येस कुटं हाय त्ये बगायचं हुतं."

साहेबांनी ते कागदावर टिपलं. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही या खेळाला परवानगी दिलीत. तुमचं म्हणणं काय?"

माझी भीड त्या दिवशी कुठे गेली होती कोण जाणे. मी म्हणालो, "सर, मीही खेळतो. जकात नाक्यावरचा कारकून आहे." मास्टरांनी कपाळाला हात लावला. मी पुढे बोललो. म्हटलं, मास्टर रोज खात्यात ओरडतात की कापडाकडे बघा, गप्पा मारू नका. काल दुपारी सगळं खातं जेवण सोडून कापडाकडे बघत होतं. एकही धागा तुटलेला नाही, एकही वाणा चुकलेला नाही. इतकी निर्दोष चादर गेल्या वर्षभरात निघाली असेल तर दाखवा. मुलूख बंद केल्याने ही नजर मोराकडे वळणार नाही, ती घरी जाईल.

"भाषण छान आहे," साहेब म्हणाले. "पण खाजगी चित्र प्रॉडक्शनमध्ये गेलं कसं? नरसय्यांनी ते डिझाइनमध्ये मिसळलं, असं चार्जशीट म्हणते."

तेव्हा दाराशी उभे असलेले हाजीमियाँ पुढे आले. कापलेला ग्राफ पंचिंगमध्येच जपून ठेवायची त्यांची पद्धत होती. त्यांनी गुंडाळी उघडून चादरीवर ठेवली आणि कोपऱ्यावर बोट टेकवलं. "मेरेकू मोर क्या, नदी क्या, साब. सही देखी, काटा."

कोपऱ्यात पास केल्याची सही होती. वीव्हिंग मास्टरांची.

मास्टर वाईट माणूस नव्हते. दिवसाला वीस कागदांवर सह्या करणाऱ्याला एक सही आठवत नाही, एवढंच. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि ग्राफकडे पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"मोराऐवजी हे आलं, ते तुम्हाला खटकलं नाही?" साहेबांनी विचारलं.

"मला वाटलं, नरसय्यांनी डिझाइन बदललं." मास्टरांनी ग्राफचा कोपरा सरळ केला. मग हळू आवाजात म्हणाले, "नक्षी चांगली होती, सर. मोरापेक्षा चांगली होती."

मुलखाची इतकी चोख तरफदारी मला जमली नव्हती. साहेबांनी चार्जशीटची घडी घातली आणि खिशात ठेवली. सिद्रामला लेखी ताकीद मिळाली, ती मीच टाइप करून घेतली. नरसय्यांनी यापुढे गिरणीचा ग्राफपेपर खेळाला वापरायचा नाही, असं ठरलं. हॉल उघडा राहिला. चादर सेकंड्सच्या, म्हणजे कामगारांना स्वस्तात विकायच्या सदोष मालाच्या, गठ्ठ्यात गेली. खेळणाऱ्यांपैकी कुणीही ती घ्यायला गेलं नाही, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

बाहेर पडल्यावर मी नरसय्यांना म्हणालो, सुटलो बुवा. ते म्हणाले, "नोकरी सुटली न्हाय, खरं हाय सायेब. पर मुलूख संपला की. आता कशापायी येतील लोक?" मास्टरांनी इतक्या दिवसांत जे साधलं नव्हतं ते एका चादरीने साधलं, असंच मलाही वाटलं.

ताप उतरल्यावर नरसय्या हॉलमध्ये आले ते सतरंजी गुंडाळून ठेवायला. सगळे आधीच बसलेले होते. सिद्राम पुढच्या रांगेत. गेल्या वेळी त्याची टोळी सहाव्या वेशीबाहेरच्या फाट्यावर येऊन थांबली होती. डाव्या वाटेने गेलं की सातवी वेस. उजवीकडे दलदल. हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि सिद्रामने तर ते स्वतःच्या हाताने विणलं होतं. नरसय्या उभ्यानेच, पडलेल्या आवाजात म्हणाले, "दोन वाटा हायेत. कुटं जायचं?"

सिद्रामने बराच विचार केला. शेजारच्याशी सल्लामसलत केली. मग म्हणाला, "उजवीकडनं जाऊ. तिकडं वाट मळलेली दिसती."

कुणी हसलं नाही. कुणी त्याला अडवलं नाही. नरसय्या हळूच सतरंजीवर बसले, त्यांनी कवड्या त्याच्या हातात दिल्या आणि दलदल सांगायला सुरुवात केली. सिद्रामचा घोडा तिच्यात गेला. सातवी वेस सापडायला पुढे चार महिने लागले. त्या चार महिन्यांत साठ माणसांपैकी एकाच्याही तोंडून चादरीचं नाव निघालं नाही.

कामगारांमध्ये शिस्त कशी आणावी, यावर आम्हाला कोर्समध्ये एक अख्खा पेपर होता. मला त्यात बरे मार्क होते. शिस्त असते कशी, ते मात्र मी सिद्रामचा घोडा गेला त्या दिवशी पाहिलं.