चूलबंद आवतन

आमच्या गावात धर्म वाचवला तो मी. खाटेवर पडल्या पडल्या, आंगठ्यानं, अन् एक अक्षर वाचता येत नसताना.

फोनवर आलेल्या फोटोत देव दिसला का मी पुढं ढकलत होतो. एकदा एकाच दिवशी दोन्ही पार्ट्याइचं ढकललं. गावच्या ग्रुपवर शिव्याइचा पाऊस. मी ॲडमिन. निवडणुकीच्या तापात खालचं अख्खं वेटाळ, म्हनजे खालच्या आळीतली सारी घरं, ‘देवाचे दुश्मन’ म्हनून ग्रुपातून काढून टाकलं. त्यात माही सख्खी वहिनीबी गेली. उरले आमी शेर. त्यातल्या एकानंबी मारुतीच्या भंडाऱ्यात कधी वांगं चिरलं नोतं. मी त मुळीच नाही.

अन् आमचा तो बुढा. तुमच्याबी गावात असा एखादा असंन. भंडाऱ्याच्या दिवशी सकाऊन दारोदार जाये, चौकटीवर काठी ठोके अन् म्हने, "चूल बंद बरं बाई!" म्हनजे घरातल्या साऱ्याइनं जेवाले यायचं, घरी कोनी रांधाचं नाही. हे आवतन आल्याबिगर आमच्याकडं कोनी पंगतीत बसत नाही.

त्याचे गुडघे गेले होते. मी म्हनलं, "बुढ्या, कायले तंगड्या तोडून राह्यला? ग्रुपवर बोलून टाकतो मी."

"फोनले समजते का, कोन रुसलं हाय थे?"

"सारं समजते."

"टाक मंग बापा."

दुपारी रोडगे तयार, भाजी तयार, अन् अर्ध्या टाटपट्ट्या रिकाम्या. शेर आले, रोडग्यासंगं फोटो काढून राह्यले. खालच्या वेटाळातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. बुढ्यानं माह्याकडं पाह्यलं.

"तिकडं आवतन नाही गेलं?"

"त्याइले काढलं न मी ग्रुपातून. धर्मासाठी."

"कोनाच्या?"

बुढ्यानं काठी उचलली अन् भर उन्हात निघाला. हरेक दारात हात जोडे, "माहं चुकलं बाई, चूल बंद करा." माहं नाव त्यानं कोठीच घेतलं नाही. मी मांगं मांगं, भिजल्या मांजरावानी. गॅस बंद झाले, लोकं आले. बुढा साऱ्याइच्या शेवटी जेवला.

त्याच पावसाळ्यात तो गेला. यंदा आवतनाले मी निघालो. वहिनीच्या दारात छाती फुगवून म्हनलं, "चूल बंद वहिनी, सारे या!"

तिनं मले वरून खालपर्यंत पाह्यलं.

"येतो आमी. बुढ्याची रीत हाय म्हनून येतो, तुह्या तोंडाकडं पाहून नाही. अन् तू जेवाले बसू नको. उष्ट्या पत्रावळ्या उचल."