चुलतभावाचं ग्राफिक्स कार्ड

चुलतभावाने नवा कॉम्प्युटर घेतलाय हे मला कोणी सांगितलं नाही. ते मला ऐकू आलं. चौलला आमची दोन घरं एकाच वाडीत आहेत, मध्ये विहीर आणि सुपारीची झाडं. त्या संध्याकाळी अलिबागहून ऑफिस सुटल्यावर मी येऊन मोटरसायकल पडवीला लावत होतो, तेवढ्यात त्याच्या घरातून माझ्या बहिणीचा आवाज आला, "दादा, डावीकडे घे. अरे दादा, डावीकडे."

मला वाटलं, मलाच सांगतेय. मी मोटरसायकल खरंच थोडी डावीकडे सरकवली.

बहीण माझ्याहून सात वर्षांनी लहान. दादा म्हणून ती जगात एकट्या मलाच हाक मारते असा माझा समज होता. चुलतभाऊ माझ्याहून काही महिन्यांनीच लहान, पण त्याला ती लहानपणापासून नावाने हाक मारायची, भांडायची, त्याच्या ताटातला पापड उचलायची. तो दादा कधी झाला ते मला कळलं नाही. हेल्मेट न काढताच मी त्याच्या घरी गेलो.

मागच्या खोलीत दोघं शेजारी शेजारी बसले होते, हातात एकेक कंट्रोलर. पडद्यावर समुद्र होता. मी आणि बहीण घरी नेहमी खेळायचो तोच खेळ: वादळातून बोट न्यायची, एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने शीड. पण आमच्या कॉम्प्युटरवर तो समुद्र निळी ताडपत्री हलवल्यासारखा दिसायचा, आणि मोठी लाट आली की चित्र अडखळायचं. इथे लाटेच्या कडेला फेस होता. फेसातून ऊन आरपार येत होतं. बोटीची ओली फळी चमकत होती आणि त्या फळीत ढगसुद्धा दिसत होते.

"ये ना, बस," चुलतभाऊ म्हणाला. "बघ काय दिसतंय. नवीन ग्राफिक्स कार्ड."

"छान आहे," मी म्हणालो. "जेवायला चल," असं बहिणीला म्हणालो.

"आत्ता? सात पण नाही वाजले."

मी एकटाच परत आलो.

चुलतभावाबद्दल वाईट सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, आणि हीच माझी अडचण होती. त्याने घरामागे पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आणि त्या चालल्या. शनिवार-रविवार गाड्या लागतात, काकू उकडीचे मोदक करते, लोक फोटो काढतात. आमच्या बाजूची वाडी तेवढीच आहे, पण माझे वडील शिक्षक होते आणि मी सीएच्या ऑफिसात लागलो, आमच्या कोणाच्या डोक्यात खोल्या आल्या नाहीत. तो कधी मिरवत नाही. नवा कॉम्प्युटरही म्हणे त्याने पाहुण्यांच्या पोरांसाठी घेतला होता. पोरं बीचवर जाऊन कंटाळली की खेळतात. तो मिरवला असता तर मला बरं पडलं असतं.

आमचा कॉम्प्युटर मी पहिल्या पगारांतून घेतलेला. त्यावर बहीण दहावीत टायपिंग शिकली, त्यावरच कॉलेजचे प्रोजेक्ट केले, आणि संध्याकाळी आम्ही दोघं एकाच कीबोर्डवर खेळायचो, उजवा भाग तिचा, डावा माझा. तिचं कोपर माझ्या बरगडीत लागायचं. आता ती कॉलेजातून आली की चहा घ्यायची आणि चप्पल पायात सरकवून विहिरीपलीकडे जायची. आई म्हणायची, "अगं, घरात पण कॉम्प्युटर आहे." ती म्हणायची, "तो काय कॉम्प्युटर आहे?" हे ती सहज म्हणायची. मी पेपर वाचत असल्यासारखं करायचो.

मग मी ठरवलं, आपणही कार्ड घ्यायचं.

मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. आजवर दुकानदाराने जे बसवून दिलं ते वापरलं. आता ऑफिसात डबा खाताना कानात हेडफोन घालून मी व्हिडिओ बघायला लागलो. जगात लाल कंपनीचे आणि हिरव्या कंपनीचे असे दोन पंथ आहेत आणि ते एकमेकांना शिव्या देतात, हे मला तिथे कळलं. कार्डाची स्वतःची मेमरी असते आणि ती कमी पडली की चित्र चिखलासारखं होतं. कार्ड कितीही भारी घेतलं तरी प्रोसेसर म्हातारा असेल तर ते नुसतं वाट बघत बसतं. आणि एक शब्द सगळ्यांच्या तोंडी होता, व्हॅल्यू. कार्डाच्या किमतीला सेकंदाला मिळणाऱ्या चित्रांनी भागायचं, ज्याचा आकडा कमी ते खरं कार्ड. हा हिशेब मला आवडला. दिवसभर मी लोकांच्या ताळेबंदात तेच करतो.

पण हिशेब केला की उत्तर दर वेळी एका मधल्या कार्डावर यायचं. साधं, गार ठेवायला दोनच पंखे असलेलं, सगळे म्हणत होते की आमच्यासारख्या पडद्याला पुरून उरेल. आणि चुलतभावाचं कार्ड तीन पंख्यांचं होतं. व्हिडिओतला माणूस त्याबद्दल म्हणायचा, उगाच महाग, एवढ्याची गरज नाही. ते वाक्य मी मागे नेऊन पुन्हा पुन्हा ऐकायचो. ऐकून बरं वाटायचं, आणि मग संध्याकाळी विहिरीपलीकडून दोघांचं हसू ऐकू यायचं आणि ते मधलं कार्ड माझ्या मनातून उतरायचं. मला त्याच्याहून वरचं पाहिजे होतं. ते परवडत नव्हतं. म्हणून मी त्याच्या बरोबरीचं पण वेगळ्या कंपनीचं शोधायला लागलो, म्हणजे कोणी विचारलं तर सांगता येईल की हे त्याहून चांगलं.

शेवटी एक सापडलं. जुन्या पिढीचं, पण मोठं, तीन पंख्यांचंच, आणि किंमत उतरलेली. रात्री जेवताना मी सहज बोलल्यासारखं ते बोललो. बहीण माशाचा काटा काढत होती. मान वर न करता म्हणाली, "ते नको. वीज खूप खातं. आपल्या पॉवर सप्लायला झेपणार नाही, उडेल. मेमरी पण कमी आहे."

मी घास तसाच धरून बसलो. "तुला काय माहीत?"

"मी बघितलं होतं सगळं. त्याचं निवडताना."

"कोणाचं?"

"त्याचं. चुलतदादाचं." आता चुलतदादा. "त्याला काय कळतं? दुकानदार म्हणेल ते घेऊन आला असता. त्याने मला विचारलं, मी निवडून दिलं."

आई म्हणाली, "भात घे."

मला राग आला होता तो नेमका कशाचा हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. एवढे दिवस मी त्याच्या कार्डावर जळत होतो, आणि ते कार्ड माझ्याच घरातून निवडलं गेलं होतं. "मग मला का नाही कधी सांगितलंस, आपलं कार्ड बदलू म्हणून?" मी विचारलं.

"सांगितलं होतं की. दोनदा. तू म्हणालास, चालतंय ते."

मी खरंच तसं म्हणालो होतो. मला चालत होतं. ती शेजारी बसलेली असायची.

दुसऱ्या दिवशी तिनेच विषय काढला. पडवीत सोललेल्या सुपाऱ्यांची टोपली आई उन्हात सरकवत होती आणि बहीण खांबाला टेकून उभी होती. "घ्यायचंय का खरंच? घ्यायचं असेल तर मी येते मुंबईला. पण आधी सांग, तुला काय खेळायचंय?"

ह्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही व्हिडिओत नव्हतं. मला काही खेळायचं नव्हतं. तिने संध्याकाळी घरी असावं एवढंच मला पाहिजे होतं, आणि ते मोठ्या भावाने बहिणीला तोंडावर सांगायचं कसं? "बोटीचंच," मी म्हणालो.

"मग दोन पंख्यांचं पुष्कळ झालं. उरलेल्या पैशात पॉवर सप्लाय चांगला घेऊ. आपल्याकडे वीज कशी आहे माहितीये ना."

शनिवारी मी रजा टाकली आणि मांडव्याहून बोटीने मुंबईला गेलो. बोटीत ती मला समजावत होती, मेमरी किती हवी, कॉम्प्युटरच्या कुठल्या पेटीत कार्ड किती लांबीचं बसतं. आपल्या पेटीचं माप तिने आधीच पट्टीने घेतलं होतं. इतके दिवस मी तेच शिकायला धडपडत होतो आणि मला ताळेबंद जमतात तसं हिला ते सहज जमत होतं. मला तिचं कौतुक वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या आत काहीतरी टोचत होतं, आणि ह्या वेळी चुलतभावाचा त्यात काही संबंध नव्हता.

लॅमिंग्टन रोडवर कॉम्प्युटरच्या सामानाची दुकानंच दुकानं, त्यातल्या एका अरुंद दुकानात शिरलो. दुकानदार गुजराती, चष्मा कपाळावर. तो माझ्याशी बोलायला लागला, "बोलो सेठ, क्या बजेट है?" मी मॉडेलचं नाव सांगितलं. त्याने काउंटरखालून दुसरंच काढलं, एक वरच्या पायरीचं, वापरलेलं, म्हणाला सहा महिनेच चाललंय, भाव अर्धा. तीन पंख्यांचं. माझा हात आपोआप पुढे गेला.

बहिणीने ते माझ्या आधी उचललं. उलटं केलं, कडेच्या पट्टीवरून बोट फिरवलं. "स्क्रू खोललेत ह्याचे," ती म्हणाली. "आणि चिप गार ठेवायची आतली पेस्ट बदललीय, बाहेर आलेली दिसतेय. हे सहा महिने नाही चाललेलं, दिवसरात्र चाललंय. गॅरंटी आहे?"

"दुकान की गॅरंटी है, बेटा."

"कंपनीची?"

त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. त्यापुढचं सगळं बोलणं त्या दोघांत झालं. मधलं कार्ड निघालं, सीलबंद, त्याच्या किमतीवरून ती चिवटपणे घासाघीस करत राहिली, पॉवर सप्लायवर केबल फुकट घेतली, आणि दोन साधे कंट्रोलरही घेतले. शेवटी दुकानदार तिला म्हणाला, "कहाँ काम करती हो?" ती म्हणाली, अजून शिकते. त्याने मला चहा पाजला, म्हणजे ज्याच्याकडे पाकीट आहे त्याला.

परतीच्या बोटीत खोकं माझ्या मांडीवर होतं. ती कठड्याशी उभी राहून फोनवर चुलतभावाला सांगत होती, कितीला मिळालं आणि दुकानदाराचं तोंड कसं झालं. हसत होती. शेजारी बसलेल्या मला तिने ते सांगितलं नाही, कारण दुकानात मी होतोच. हे कळत असूनही मी समुद्राकडे तोंड करून बसलो.

कार्ड तिनेच बसवलं. जमिनीवर चादर टाकून पेटी आडवी केली, आतली धूळ ब्रशने काढली. खाऱ्या हवेने एका स्क्रूला गंज चढला होता, त्यावर तिने आईच्या शिलाई मशीनचं तेल सोडलं. मी टॉर्च धरला. "नीट धर ना, दादा," ती म्हणाली, आणि मला एवढं बरं वाटलं की टॉर्च आणखी हलला.

चालू केलं. खेळ लावला. लाटेला फेस होता. ऊन होतं. फळीत ढग नव्हते, पण ते मी शोधले म्हणून मला कळलं.

आम्ही दोघं बसलो. मी सुकाणू, ती शीड. पहिल्या खडकापर्यंत गेलो असू, तेवढ्यात दारातून चुलतभाऊ आला, हातात काकूने पाठवलेला मोदकांचा डबा. पडद्याकडे बघून तो म्हणाला, "अरे, हे तर माझ्याएवढंच दिसतंय. मला उगाच मोठं घ्यायला लावलंस तू."

"तुझा पडदा मोठा आहे, म्हणून," बहीण म्हणाली.

"हो का. बरं." तो खाली बसला. थोड्या वेळाने मी मोदक खायला उठलो, आणि परत येऊन बघतो तर माझा कंट्रोलर त्याच्या हातात. त्या दोघांनी बोट खडकातून अशा सफाईने काढली की मीही मोदक हातात धरून बघत राहिलो. ती "डावीकडे" म्हणायच्या आत तो वळायचा. मला एवढं जमत नव्हतं. मी माझ्याच घरात, माझ्याच कार्डासमोर, मागच्या खुर्चीत बसलो होतो.

"तू ये," तो मध्येच म्हणाला. "घे."

"खेळ," मी म्हणालो. मला ते म्हणताना किती कष्ट पडले हे त्याला कळलं की नाही, माहीत नाही. त्याने कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला आणि डबा घेऊन घरी गेला. तो इथे फार वेळ बसलेला मला नकोय हे त्याला दिसलं असावं.

त्यानंतर ती संध्याकाळी घरी असायची, कधी त्याच्याकडे. मी दिवस मोजायचो, ते सांगण्यात अर्थ नाही.

परीक्षा झाल्यावर तिला पुण्याला नोकरी लागली. नवे खेळ बाजारात येण्याआधी ते खेळून त्यातल्या चुका शोधायच्या, ह्याचा पगार मिळतो हे आईला अजून पटलेलं नाही. ती गेली तेव्हा कार्ड घेऊन जा असं मी म्हणालो. ती म्हणाली, तिथे ऑफिसात ह्याहून भारी असतात.

आता रविवारी दुपारी चुलतभाऊ माझ्याकडे येतो. पाहुणे जेवून पडलेले असतात, त्याला तासभर मोकळा मिळतो. आम्ही दोघं बोट चालवतो आणि बहुतेक वेळा बुडवतो, कारण दोघांनाही सुकाणूच धरायचं असतं आणि शीड कोणाला येत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात मित्रांची नावं येतात. तिच्या नावापुढे हिरवा ठिपका असतो आणि त्याखाली बारीक अक्षरात, चार जणींच्या टोळीत खेळतेय.

मागच्या रविवारी चुलतभावाने ते वाचलं आणि विचारलं, "कोण आहेत रे ह्या मुली?"

"रूमवरच्या असतील."

"बोलवू का तिला आपल्यात?"

"बोलव."

त्याने बोलावणं पाठवलं. ठिपका हिरवाच राहिला. थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं, आत्ता नाही रे, मॅच चालू आहे. ते कोणाला होतं, त्याला की मला, ते कळायला मार्ग नव्हता. चुलतभावाचा चेहरा मात्र मला नीट ओळखता आला, विहिरीपलीकडून हसू ऐकू यायचं तेव्हा माझाही असाच व्हायचा. त्याला पाणी हवंय का विचारून मी आत गेलो.