बाईंची शिंदी

बायडाबाई सोनईकडची. नवरा गेला आणि ती भावाच्या दारी आली. भावजयीचे टोमणे ऐकून पोट भरेना, तेव्हा नेवाशाकडच्या एका लहानशा मिशन दवाखान्यात मडमीच्या स्वयंपाकाला लागली. आवारात राहायला खोली मिळाली. आतून कडी लावता येईल अशी ही तिच्या जन्मातली पहिली खोली. ती जाऊ नये म्हणून बायडाबाई पडेल ते काम करी.

मडम म्हणजे अमेरिकेची नर्स हॅरिएट. लोकांनी तिचं हॅरटबाई करून टाकलं. स्वभावानं प्रेमळ, पण पावासाठी जीव टाकणारी. तिच्या देशात पावात जे पडतं, त्यातलं इथं काही मिळेल तर शपथ. मग बायडाबाई त्याच्या जागी दुसरं काहीतरी शोधायची. तांबड्या साखरेला काळा गूळ, मनुकांना वाळवलेली बोरं. भट्टी म्हणजे तेलाचा डबा, खाली विस्तव, वर विस्तव. सगळं जमलं, पण पीठ काही फुगेना.

"बायडाबाई, मला खमीर पाहिजे," हॅरटबाई पुस्तकी मराठीत म्हणाली.

"त्ये कोन?"

"ते पिठाला उठवतं."

"मांत्रिक हाय का मंग?"

दोघी पोट धरून हसल्या. हलवायाकडून जिलबीचं आंबवण आणून पाहिलं, तर पाव आंबट आणि वर विटेसारखा. मग बायडाबाईला ओढ्याकाठचा छगन आठवला. तो शिंदीच्या झाडाचा रस काढायचा. सकाळी गोड, दुपारी फसफसणारा, आणि संध्याकाळी माणसाला आडवा पाडणारा. माणसाला झोपवतो तो पिठाला उठवील, असा हिशोब तिनं मांडला. साल बहात्तरचं, ओढा कोरडा ठाक पडला होता, पण झाडं अजून थोडी पाझरत होती.

बायडाबाईनं तांब्याभर रस आणला. हॅरटबाईनं त्याचा वास घेतला.

"हे काय?"

"शिंदी."

आवारात दारूचा थेंब चालत नसे. हॅरटबाईनं दाराकडे पाहिलं, हसली आणि हळूच म्हणाली, "कोणाला सांगू नको."

पाव टरारून फुगला. गरम तुकडा तोंडात घालताच मडमीच्या डोळ्याला धार लागली. "माझ्या आईचा पाव," असं म्हणून तिनं बायडाबाईला मिठीच मारली.

नाताळ आला तशी रस जास्त लागणार म्हणून बायडाबाई चरवी घेऊन निघाली. येताना फाटकात आवाराचे कारभारी आप्पासाहेब उभे.

"काय गं चरवीत?"

बायडाबाईला खोटं सुचतच नसे. "बाईंची शिंदी हाय."

बाईंच्या पावाची, असं तिच्या मनात होतं. पण मधला पाव तोंडातच राहिला. दिवस मावळेपर्यंत आवारभर झालं, नर्सबाई शिंदी पिते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या पडवीत मिशनचे पंच बसले. आप्पासाहेबांनी अदबीनं विचारलं, "बाई, शिंदी आणायला तुम्ही सांगितलंत का हिला?"

"मी खमीर सांगितलं होतं."

"आणि शिंदी?"

"तो शब्द मी बोलले नाही."

बोलली नव्हती, हे अगदी खरं. बायडाबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. आता पुढचं बोलेल, आता बोलेल.

"आवो बाई, वास घिऊन हासला न्हाई का तुमी? सांगा की त्यास्नी!"

हॅरटबाई झग्यावर नसलेलं पीठ झटकत बसली.

"गुमान खोली सोड," आप्पासाहेब म्हणाले. "पोलिसात देत नाही, हे उपकार समज."

बायडाबाईनं बोचकं बांधलं. निघताना स्वयंपाकघराच्या दारात थांबली, पण हॅरटबाई बाहेर आली नाही.

भावाच्या ओसरीवर भावजय ज्वारी निवडत बसली होती. बोचकं बघून म्हणाली, "काय वन्सं, पावली का मडम?"

"पावली की. पन मला न्हाई, सोतालाच."

भावजयीनं सूप आपटलं आणि बसायलाही सांगितलं नाही. उद्यापासून दुष्काळी कामावर खडी फोडायला बाया घेणार होते. तिथं जायचं असं ठरवूनच बायडाबाई ओसरीच्या पायरीवर टेकली.