लाइन पडली की सांगजो

आमच्या घरात फोन एकच, पण यंत्रं दोन. एक पुढे दुकानात गल्ल्याशेजारी, दुसरं मागे माजघराच्या भिंतीला. फोन आला की घंटी दोन्हीकडे वाजायची, पण उचलायचा तो दुकानात. बाईमाणसाने आधी उचलायचा नाही, ही रीत माझ्या सासऱ्यांपासूनची. वडनेरहून माझ्या आईचा फोन आला की हे दुकानातून ओरडायचे, "आत घ्या!" मग मी आतला फोन उचलायची. मी "हॅलो" म्हटलं की दुकानातला रिसीव्हर खाली ठेवल्याचा खट आवाज यायला पाहिजे. तो कधी यायचा, कधी यायचा नाही. नाही आला की तारेवर तिसऱ्या माणसाचा श्वास ऐकू येतो, दुकानातल्या पंख्याची घरघरही येते. आईला तिकडे काही कळायचं नाही. ती विचारायची, "बरी आहेस ना वं?" मी म्हणायची, "हो, सगळं बरं आहे. तिकडं पाऊसपानी काय म्हनते?" लग्नानंतर आईशी फोनवर पावसापाण्याखेरीज दुसरं काही बोलल्याचं मला आठवत नाही.

घरोघरी असंच असेल असं मला वाटायचं. त्यामुळे मी कधी कोणाजवळ हा विषय काढला नाही.

आमचं दुकान सेलूला, गुरांच्या खाद्याचं, सरकी-ढेपेचं. मी चौथी शिकलेली. माझी मुलगी मात्र रोज बसने वर्ध्याला जाऊन पदवीधर झाली, वरून कॉम्प्युटरचा कोर्सही केला. तिला नागपूरला नोकरी लागत होती. हे म्हणाले, पोरीने नागपूरला एकटं राहायचं नाही. तळेगावचं एक स्थळ ह्यांच्या मनात होतं. मोठं दुकान, एकुलता एक मुलगा, आणि त्यांच्या घरातली बाई अंगणाच्या बाहेर दिसत नाही, हे त्यांच्याकडच्याच बायांनी आम्हाला कौतुकाने सांगितलं होतं.

मुलीने भांडण केलं नाही. तिने घरी बसून करायचं काम शोधलं. परदेशातले डॉक्टर पेशंट तपासून झाल्यावर जे बोलून ठेवतात, ते कानाला लावून ऐकायचं आणि टाइप करून नागपूरच्या कंपनीला पाठवायचं. त्यासाठी घरात नेट पाहिजे. तेव्हा गावात ब्रॉडबँड नवीनच आलं होतं, फोनच्याच तारेवरून यायचं. कंपनीने सांगितलं, एक महिना तुमचं काम पाहू, लाइन सारखी बंद पडत असेल तर चालणार नाही. ह्यांनीही तोच महिना धरला. "जमलं तं जमलं," हे म्हणाले, "नाई जमलं तं तळेगाववाल्याईले बोलावतो. मंग काऊन-कशाले नाई पाह्यजे."

माजघराला एकच खिडकी आहे, आणि ती उघडते गोदामात. गोदामात ढेपेची पोती थप्पीला लावलेली असली की खिडकीतून उजेड येत नाही, वास तेवढा येतो. तिथे तिचं टेबल मांडलं. कानावर ते मोठे गोळे, पायाखाली एक पॅडल. पॅडल दाबलं की डॉक्टर बोलतो, सोडलं की थांबतो. सकाळी बसली की दुपार होईपर्यंत तिची नुसती पाठ दिसायची. मला वाटायचं, पोरगी नागपूरला गेली नाही, आणि इथे घरातही नाही.

पहिल्याच आठवड्यात लाइन पडायला लागली. अर्धी फाइल जायची आणि तुटायची. परत पाठवा, परत तुटली. कंपनीतून विचारणा आली. तिने तक्रार केली, तर लाइनमन आला, आतल्या फोनजवळची छोटी पांढरी डबी त्याने उघडून बंद केली आणि म्हणाला, "लाइन तं एकदम बराबर आहे, ताई. तुमच्या कॉम्प्युटरातच काही असन." आम्हाला वाटलं कूलरमुळे होतं, तो चालू झाला की दिव्याचा उजेड कमी होतो म्हणून. मे महिना होता. आम्ही दोघी कूलर बंद करून बसलो. तिचे हात घामाने बटणांवरून घसरायचे. तरीही लाइन पडली.

मग ती म्हणाली, लाइनवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर घालावं लागेल. म्हणजे कधी पडली, किती वेळ पडली, हे कंपनीलाही दाखवता येईल आणि लाइनमनलाही. ती स्वतः टाइप करताना ते पाहू शकत नव्हती, तिचं सगळं लक्ष कानाकडे. पाहणारी मीच.

म्हणून निवडायला तिने मला शेजारी बसवलं. पहिलं उघडलं, त्यात स्कूटरच्या मीटरसारखा काटा होता. बटण दाबलं की काटा सरसर वर चढायचा आणि आकडा सांगायचा. मला ते आवडलं. ती म्हणाली, "हे दिसाले छान आहे आई, पन दर वेळी बटन दाबा लागते. अन् मोजता मोजता स्पीड हेच खाऊन टाकते." दुसऱ्यात रकानेच रकाने होते, सगळे इंग्रजीत, लाल-पिवळे. ते काही दिवस फुकट, पुढे पैसे मागत होतं. मी म्हटलं, "यातलं मले काई नाई समजत वं." तिसरं अगदी बारकं, कोपऱ्यात काळ्या चौकटीत एक हिरवी रेघ सरकत राहायची. तिने समजावून दिलं की हे दर थोड्या वेळाने लांबच्या एका मशीनला हाक मारतं. तिकडून ओ आली की रेघ वर राहते, उशिरा आली की खाली येते, आलीच नाही की पार तळाला जाते.

"त्यात वाचाचं काई नाई?" मी विचारलं.

"काईच नाई. नुसतं पाह्यजो. लाइन पडली की सांगजो."

"हेच ठेव मंग."

"लोकं सॉफ्टवेअर निवडतात तं स्पीड पाहून निवडतात," ती हसली. "आपन आईले पाहून निवडलं."

त्या महिन्यात ती तेवढीच हसलेली मला आठवते.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या शेजारी जमिनीवर पाट घेऊन बसायला लागले. ताटात गहू निवडायचे आणि रेघ पाहायची. गव्हातला खडा आणि रेघेतला खड्डा, दोन्ही एकदम सांभाळायचं. रेघ पडली की तिच्या खांद्याला हात लावायचा. कानावरचे गोळे काढून ती म्हणायची, "पडली?" मी मान हलवायची, ती कागदावर वेळ लिहून ठेवायची. मी स्वयंपाकाला उठले की ती चिडायची. "आई, तू उठतं अन् तेव्हाच पडते." मग मी भाजीही तिथेच आणून चिरायची. आता त्या खोलीत आम्ही दोघी अडकलो होतो, ती कानाने आणि मी डोळ्यांनी.

सकाळी रेघ बहुतेक सरळ असायची. दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसतं त्या वेळी, ती पडायची. थोडा वेळ तळाशी राहायची आणि आपोआप वर यायची. तिने नेटवर वाचलं होतं की अशी लाइन फोन उचलल्यानेही पडते. म्हणून ती विचारायची, "फोन वाजला का, आई?" वाजलेला नसायचा. मी तसं सांगायची.

एकदा दुपारी रेघ अशीच पडली. मी तिच्या खांद्याला हात लावला, ती "मेली परत!" म्हणाली आणि कपाळाला हात लावून बसली. कंपनीने त्याच सकाळी कळवलं होतं की असंच चाललं तर या महिन्यानंतर काम देता येणार नाही. मला तिचं तोंड पाहवेना. दुकानात ताक द्यायचं राहिलं होतं, ते घेऊन मी पुढे गेले.

दुकान आणि घर यांच्यामध्ये पडदा आहे. पडद्याच्या फटीशी मी थबकले, कारण दुकानात शेजारचे किराणावाले भाऊजी पोत्यावर बसलेले होते आणि परपुरुष बसलेला असला की मी आधी बांगड्या वाजवते, मग आत जाते. हात वर केला तेवढ्यात ते बोलले.

"येते का काई ऐकू?"

हे गल्ल्याशी उभे होते. रिसीव्हर कानाला लावलेला, आणि बोलायच्या बाजूवर तळहात दाबून धरलेला.

"नुसतं कुंई कुंई करून राह्यलं," हे हळूच म्हणाले. "मांगून खरखर येते."

"मंग आता बोलत नसन. थोड्या वेळानं पाहा. कानाले लावून बसते ना पोरगी? मंग? कोनाशी तरी बोलतच असन ना शेट. नेटवर पोट्टे लय बसून राह्यते म्हनते."

"तार तं हेच आहे," हे म्हणाले. "बोलली तं ऐकू येईनच. जाईन कुठं?"

ताकाचा पेला माझ्या हातात होता. तळहात तसा का दाबतात ते मला माहीत होतं. आपला श्वास पलीकडे जाऊ नये म्हणून. ज्या दिवशी हे विसरायचे, त्या दिवशी मला श्वास ऐकू यायचा. ज्या दिवशी लक्षात ठेवायचे, त्या दिवसांचं मला काय कळणार?

मी बांगड्या वाजवल्या. ह्यांनी रिसीव्हर खाली ठेवला. "राँग नंबर," हे म्हणाले. घंटी वाजलीच नव्हती. मी ताक ठेवलं आणि परत आले. मी माजघरात येईपर्यंत रेघ वर आली होती, सरळ चालली होती.

"आई, फोन होता का दुकानात?" मुलीने विचारलं.

मी पाटावर बसले, ताट मांडीवर घेतलं. खरं सांगितलं असतं तर ती तशीच उठून दुकानात गेली असती. तिला माझ्यासारखं गप्प राहता येत नाही. शेजाऱ्यासमोर ती बापाला बोलली असती, आणि संध्याकाळपर्यंत तार उपटून तळेगावला निरोप गेला असता. न सांगावं, तर महिना तसाच संपत आला होता.

"वाजला असन," मी म्हटलं. "ते बोलून राह्यले होते कोनाशी. मले घंटी ऐकू नाई आली."

"मंग तेच!" ती खुर्चीतून उठलीच. "दुकानातल्या फोनले अशी डबी आहे का? पांढरी?"

नव्हती. डबी फक्त आतल्या फोनला होती, दुकानातल्या फोनची जुनी तार तिच्या आधीच वेगळी निघाली होती. डबी नसलेला फोन उचलला की नेट पडतं, असं तिने मला समजावलं. मी पहिल्यांदाच ऐकते आहे असा चेहरा केला.

लाइनमन परत आला तेव्हा हे दुकानातच होते. मी पडद्यामागे उभी राहिले. त्याने खिशातून डबी काढली आणि गल्ल्याशेजारच्या फोनची तार सोडवायला घेतली.

"हे कायले?" ह्यांनी विचारलं.

"तुमी फोन उचलला का पोरीचं नेट पडते, शेटजी. पोरीनं कागदच दाखवला ना मले. रोज दुपारी पडलं आहे. लय फोन असते वाटते तुमाले दुपारी?"

ह्यांनी पडद्याकडे पाहिलं. पडदा जाड आहे, पण त्याच्याखाली माझे पाय दिसत असतील. मला मागे सरकता आलं नाही.

लाइनमनने डबी बसवली, रिसीव्हर उचलून कानाला लावला, आत मुलीला ओरडून विचारलं, "पडलं काय?" ती आतून ओरडली, "नाई! चालू आहे!" तिच्या आवाजात किती आनंद होता.

"झालं," तो म्हणाला. "आता बिनधास्त उचला, शेटजी. दिवसभर कानाले लावून बसा, काई नाई होत."

संध्याकाळी जेवताना ह्यांनी भाकरी मोडली आणि ताटाकडे पाहतच म्हणाले, "ते डबीनं खरखर गेली. साफ येते आता आवाज." मी आमटी वाढली. मुलगी म्हणाली, "पाह्यलं बाबा? तुमाले बी फायदा झाला."

महिना संपला. कंपनीने तिला कायम ठेवलं. तळेगावच्या लोकांना ह्यांनी बोलावलं नाही, पुढच्या वर्षी पाहू असं कळवलं. ती मला मिठी मारून म्हणाली, "हे तुह्या डोळ्याईमुळं झालं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

सवयीने मी दुपारी तिथेच बसत राहिले. दुकानात गिऱ्हाइकांचा आवाज थांबला की मी पडद्याकडे पाहायची, मग रेघेकडे. रेघ सरळ जायची. हे फोन उचलून उभे असतील की गल्ल्यावर डोळे मिटून बसले असतील, रेघेला त्याचं काही नव्हतं. वडनेरहून आईचा फोन आला तेव्हा खट आवाज आला की नाही हे मी कान देऊन ऐकलं. तार इतकी साफ झाली होती की आई मला जवळ बसल्यासारखी ऐकू येत होती. श्वास नव्हता, पंखा नव्हता. ती म्हणाली, "बोल ना वं, गप काऊन झाली?" मी म्हटलं, "बरं आहे सगळं."

पावसाळ्यात मुलगी म्हणाली, ते सॉफ्टवेअर आता काढून टाकते, मशीन उगाच जड होते.

"राहू दे," मी म्हटलं.

"आता काय पाह्यचं त्यात, आई? सरळच तं जाते."

तिने काढून टाकलं. त्या जागी स्क्रीनवर काळं काहीच उरलं नाही, मागच्या चित्रातलं आभाळ दिसायला लागलं. मी ताट उचललं आणि गहू निवडायला स्वयंपाकघरात गेले. तिथून दुकान ऐकू येत नाही.