बाळंतिणीचं पथ्य

प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेतून आणलेली आमची फेरेट, मुंगसासारखी लांबुळकी, मुळातच पोटुशी होती हे अ‍ॅमस्टेलव्हीनच्या, आमच्या परदेशातल्या घरी आल्यावर कळलं. पुण्याहून राहायला आलेल्या सासूबाईंनी आधी नाक मुरडलं. "घूस पाळायची हौस तुम्हालाच!" पण ती व्यायली आणि त्यांचा नूरच पालटला. टीव्ही बंद. बाळंतिणीच्या खोलीत वर्दळ नको म्हणून मलाही दारातून हाकललं. वर अळिवाची खीर! हिला गूळ-दूध चालत नाही, ही फक्त मांस खाते, असं मी सांगितल्यावर ती खीर मुकाट्यानं माझ्या पुढ्यात आली. त्या इतक्या कडक शाकाहारी, की त्यांच्या मुक्कामात आमचं अंड्याचं पातेलंसुद्धा माळ्यावर जातं.

मग एका सकाळी पिल्लं किंचाळायला लागली. आईच त्यांना जवळ येऊ देईना. तिचं एक आचळ लाल, दगडासारखं टणक झालं होतं. तशीच तिला घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावले. आचळात संसर्ग होता. त्यांनी इंजेक्शन दिलं, औषध दिलं आणि बजावलं, की हिनं खाल्लं नाही तर दूध आटेल आणि डोळेही न उघडलेली पिल्लं जगायची नाहीत. कोंबडीचा कोमट लगदा थोड्या थोड्या वेळानं भरवत राहा.

नवरा परगावी, आणि मला झुइडास भागातल्या ऑफिसात जाणं भागच होतं. "तू जा, मी आहे ना," सासूबाई म्हणाल्या. मला वाटलं, फार तर लक्ष ठेवतील. फ्रिजमधला कोंबडीच्या लगद्याचा डबा त्या उघडतील, हे काही माझ्या मनात आलं नाही. दिवसभर जीव टांगणीला लागला होता.

संध्याकाळी दार उघडलं तर माझा स्कार्फ नाकाला बांधून सासूबाई जमिनीवर फतकल मारून बसलेल्या. बोटावर कोंबडीचा लगदा, आणि फेरेट तो चाटून खात होती. पोटाशी पिल्लं लुचत होती.

"चमच्यानं घेईना गं," त्या ओशाळून म्हणाल्या. "बाळंतीण उपाशी ठेवायची का? तिचं पथ्य तिचं, माझं माझं."

त्यांनी हे माझ्यासाठी केलं की तिच्यासाठी, कोण जाणे. मी तिथंच वाकून नमस्कार केला.

"अगं, हात बरबटलेत माझे," म्हणत त्यांनी कोपरानंच माझ्या पाठीवर थोपटलं.