रेमेदिओसबाईंसाठी पाणी

त्या हिवाळ्यात हवानात तिथली आणि मायामीकडची अशी दोन्ही देशांची माणसं बोलणी करायला बसली होती. क्रांतीत जप्त झालेल्या घरांचे दावे आणि तुरुंगात डांबलेल्या माणसांचे हक्क, दोन्ही एकाच टेबलावर. देवाणघेवाण चालली होती म्हणा ना! ओदालिस नावाच्या बाईकडे नेमकं दोन्ही होतं. घर जप्तीचं आणि मुलगा यान्सेल तुरुंगात. त्याने भर चौकात सरकारचे वाभाडे काढले, एवढाच त्याचा गुन्हा.

घर मूळचं रेमेदिओसबाईंचं. त्या मायामीला निघून गेल्या, तेव्हा सरकारने ते त्यांच्या स्वयंपाकिणीला, म्हणजे ओदालिसच्या आईला दिलं.

यान्सेलला दूरच्या तुरुंगात हलवलं, भेटी बंद झाल्या, आणि त्याच सुमारास वरच्या रिकाम्या मजल्यावर पावलं वाजू लागली. ओदालिसने ताडलं: बाई तिकडे वारल्या, आता घर मागायला आल्या. मेलेल्यांना तहान लागते, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. तिने बाईंच्या नावाने पाण्याचा पेला भरून ठेवला आणि सौदा मांडला.

"बाई, घर घ्या. माझं पोरगं तेवढं सोडवा. मायामीकडच्या माणसांत तुमच्या शब्दाला वजन आहे."

एका दुपारी दारात बाईंची मुलगी ग्रासिएला उभी! लहानपणी दोघी याच अंगणात खेळलेल्या.

"घर मागायला आलीस ना? घे बाई. फक्त बोलणीला आलेल्या तिकडच्यांना माझ्या पोराचं सांग."

"अगं, नुसती बघायला आले मी. आणि हे पाणी कुणासाठी?"

"तुझ्या आईसाठी. देव तिच्या आत्म्याला..."

"जिभेला हाड आहे का तुझ्या? आई ठणठणीत आहे! रोज डॉमिनोत मला हरवते, वर चिडवते."

ओदालिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जित्या माणसाला पाणी ठेवणं म्हणजे त्याचं मरण चिंतणं.

"चुकलं गं माझं. पण मग वर चालतंय कोण?"

"उंदीर असतील."

तेवढ्यात वर पाऊल वाजलं. मग दुसरं, जरा फरफटत. सायकलवरून पडल्यापासून यान्सेल डावा पाय असाच ओढायचा. इतके महिने तिने ते ऐकलं होतं आणि समजून घेतलं नव्हतं. तिची नजर पाण्याच्या पेल्याकडे गेली.

ग्रासिएला घाबरून तिच्याजवळ सरकली. "जाऊ दे ते. पोराचं नाव सांग. उद्याच बोलते मी तिकडच्यांशी."

ओदालिसच्या तोंडून नाव फुटेना. हाक मारल्यासारखं होईल आणि वरून ओ येईल, या भीतीने तिने ओठ घट्ट मिटून घेतले.